दातांचे उखळ

गेल्या आषाढात एका दंतवैद्य बाईंनी माझ्या वरच्या जबड्याचे चित्र संगणकाच्या पडद्यावर मला दाखवले. समोरच्या गेलेल्या दाताच्या जागी जबडा उभा चिरला तर तो आतून कसा दिसेल, ते त्या चित्रात होते. मला ते एखाद्या झिजलेल्या सुरीच्या पात्यासारखे दिसले. बाई म्हणाल्या, “सर, हाड उंचीला पुरेसे आहे, रुंदीला नाही. हिरडीलगत जेमतेम तीन मिलिमीटर भरते. बसवायचा स्क्रूच साडेतीन-चार मिलिमीटरचा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना थोडे हाड हवे. आधी हाड रुंद करून घ्यावे लागेल.”

हाड रुंद करून घ्यायचे! शिंप्याकडे सदरा ढिला करायला द्यावा तितक्या सहजतेने त्या हे बोलल्या. मी मात्र घरी येईपर्यंत त्याच एका वाक्यावर अडकून राहिलो.

माझा हा दात वीस वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानावर गेला. मुलांबरोबर कबड्डी खेळत होतो. एका धिप्पाड पोराचे कोपर लागले आणि दात मुळापाशी मोडला. तालुक्याच्या गावी एका दंतवैद्याने उरलेले मूळ उपटले आणि महिन्याभराने काढ-घालीचा एक खोटा दात करून दिला. दात गेल्यावर मागे उरलेल्या खळग्याचे पुढे काय होते, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. हिरडी भरून आली, दुखणे थांबले, विषय संपला. पण मास्तराचा विषय असा संपत नाही. त, थ, द, ध आणि न हे पाच वर्ण जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकवून उच्चारायचे असतात. सहावीच्या वर्गात एकदा मी हे दंत्य वर्ण शिकवीत असता ‘ध’ म्हटले आणि तो दात त्याच्या गुलाबी पट्टीसकट टेबलावर जाऊन पडला. पहिल्या बाकावरच्या मुलीने तो उचलून, दोन्ही हातांनी, प्रसाद द्यावा तसा मला परत दिला. वर्गात कोणी हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. वैद्यकशास्त्रात माझा अधिकार शून्य. परंतु कादंबऱ्या लिहिणाऱ्याला एक खोड असते. कोणी ‘असे असते’ म्हटले की ‘कधीपासून असे आहे?’ हा प्रश्न त्याला गप्प बसू देत नाही. बाईंनी काही वाचायला दिले, काही मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात माणसाच्या हाडांची मोजदाद आहे. ती तीनशे साठ भरते. त्यांत बत्तीस दात धरले आहेत, वीस नखेही धरली आहेत, आणि याशिवाय बत्तीस ‘दन्तोलूखले’. दन्तोलूखल म्हणजे दाताचे उखळ, ज्या खळग्यात दात बसतो तो. हा शब्द वाचताना मला आमच्या ओटीवरचे जमिनीत पुरलेले उखळ आठवले आणि मनात आले, पुराणातल्या वैद्याला किती नेमके दिसले होते! सुश्रुताने तर हाडांचे पाच प्रकार पाडून दातांना ‘रुचक’ या वेगळ्या वर्गात घातले. (सुश्रुताचे नाव निघाले की पुढे नाकाच्या शस्त्रक्रियेची कथा यायचीच, असा आपल्याकडे दंडक आहे. ती कातडीची गोष्ट आहे, हाडाची नव्हे. म्हणून मी ती येथे सोडून देतो.) चरकाने उखळे दातांपासून निराळी मोजली. ओटीवरचे मुसळ मोडले तरी उखळ जागच्या जागी राहते. दातांच्या बाबतीत मात्र तसे नाही, आणि पुढचा सगळा इतिहास या एका फरकातून निघतो.

दात गेला की त्या जागी दुसरे काहीतरी बसवावे, ही हौस फार जुनी. इटलीतील एट्रुस्कन लोक इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासून सोन्याच्या पट्टीने खोटा दात शेजारच्या खऱ्या दातांना बांधीत. त्याहून नवल होंडुरासमधले. तेथे १९३१ साली उत्खननात एका माया माणसाच्या खालच्या जबड्याचा तुकडा मिळाला. इसवी सन सहाशेच्या आसपासचा. त्यात समोरच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे तीन तुकडे दातांच्या आकारात घासून बसवलेले होते. आधी वाटले, मेल्यानंतर शोभेसाठी बसवले असावेत. पण १९७० मध्ये ब्राझीलच्या आमादेओ बोब्बियो यांनी त्याची क्ष-किरण चित्रे घेतली, तेव्हा शिंपल्याभोवती हाड दाटून आलेले दिसले. म्हणजे तो माणूस ते तुकडे बसवल्यावर जिवंत होता. त्याच्या हाडाने शिंपला आपला म्हटला होता. ज्याने हे केले त्याने रिकामे उखळ मिटण्याच्या आत ते भरले, एवढे नक्की.

युरोपला हे ठाऊक नव्हते. लंडनचा प्रसिद्ध शस्त्रवैद्य जॉन हंटर याने १७७१ मध्ये माणसाच्या दातांवर ग्रंथ लिहिला. हा मनुष्य मोठा विक्षिप्त प्रयोगी. त्याने माणसाचा दात कोंबड्याच्या तुऱ्यात रोवला आणि तो तेथे धरला. तो तुरा लंडनच्या संग्रहालयात आजही आहे. हंटरच्या खटपटीमुळे एका माणसाच्या तोंडातला ताजा दात उपटून दुसऱ्याच्या खळग्यात बसवण्याची लाट आली. दात द्यायचा गरिबाच्या पोराने आणि घ्यायचा श्रीमंत बाईने. रोलँडसन या चित्रकाराने १७८७ साली याच व्यवहारावर एक व्यंगचित्र काढले. त्यात फाटक्या कपड्यांची मुले गाल धरून दाराबाहेर पडताहेत. बसवलेले दात टिकत नसत, आणि त्यांच्याबरोबर उपदंशासारखा रोगही येई. जॉर्ज वॉशिंग्टनच्या जमाखर्चाच्या वहीत १७८४ सालची एक नोंद आहे: नऊ दातांबद्दल गुलामांना दिले १२२ शिलिंग. १७८९ मध्ये तो अध्यक्ष झाला तेव्हा त्याच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. पुढे १८१५ च्या वॉटर्लूच्या रणांगणावरून मेलेल्या तरुण शिपायांचे दात पोत्यांनी गेले आणि कवळ्यांत बसले. ही पाने वाचताना माझ्या खिशातला तो गुलाबी पट्टीचा दात मला एकदम पवित्र वाटू लागला. निदान तो कोणाच्या तोंडातून आलेला नव्हता.

हंटरची कीर्ती या कोंबड्याच्या तुऱ्यामुळे झाली. पण माझ्या दृष्टीने त्याचे मोठेपण त्याच ग्रंथातल्या एका शांत निरीक्षणात आहे. त्याने पाहिले की जबड्याचा जो भाग दातांना धरतो, तो जबड्याचा नव्हेच. तो दातांचा आहे. दात येऊ लागतात तेव्हा तो तयार होतो, दातांबरोबर वाढतो आणि दात गेले की झिजून नाहीसा होतो. मुसळ गेले की उखळ विरघळते! १७७१ मध्ये हे लिहिले गेले, आणि त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षे दात बसवणाऱ्यांनी त्या खळग्याकडे पाहिले नाही. सगळे लक्ष मुसळाकडे.

कोणी प्लॅटिनमच्या तारेचा पिंजरा हाडात बसवला, कोणी मिश्रधातूचा स्क्रू पिळला. झिजून सपाट झालेल्या जबड्याचे काय करायचे, या प्रश्नाला स्वीडनच्या गुस्ताव्ह डाल याने १९४० नंतर एक उत्तर काढले: हाडात शिरायचेच नाही, हिरडी उघडून हाडावर खोगिरासारखी धातूची चौकट ठेवायची. न्यूयॉर्कच्या लिओनार्ड लिंको याने १९६० नंतरच्या दशकात दुसरे उत्तर काढले: हाड पातळ आहे ना, मग दाताचे मूळच पातळ करू. त्याने धातूची चपटी पाती केली आणि हाडात खाच पाडून ती ठोकली. हजारो लोकांना त्याने खायला दात दिले हे खरे. पण पुष्कळदा पाते आणि हाड यांच्यामध्ये मऊ तंतूंचा थर धरे आणि पाते हलू लागे. दोघांनीही हाड आहे तसे पत्करले होते.

मग गोष्ट पुन्हा स्वीडनकडे वळते. १९५२ च्या सुमारास लुंड येथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचा तरुण संशोधक हाडातल्या मगजात रक्त कसे वाहते ते पाहत होता. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक बारीक दुर्बीण-डबी बसवलेली होती. प्रयोग संपला, डब्या महाग, म्हणून पुन्हा वापरण्यासाठी काढायला गेला तर निघेनात. हाड धातूला असे चिकटले होते की मध्ये फटच नाही. दात बसवण्याचा विचार त्याच्या डोक्यात नव्हता. काटकसरीतून हा शोध लागला, ही गोष्ट आम्हा शिक्षकांना फार आवडण्यासारखी. १९६५ मध्ये गोथेनबर्गला त्याने योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले. लार्सनच्या जबड्यात जन्मतःच व्यंग, खाली दात नाहीत. ते स्क्रू घेऊन तो २००६ मध्ये वारला, चाळीस वर्षे जेवून. १९८२ च्या टोरांटो परिषदेनंतर जगाने ब्रोनेमार्कला मानले.

परंतु ब्रोनेमार्कनेही सुरुवातीला स्क्रू बसवले ते हनुवटीजवळ, जेथे दात गेल्यावरही हाड बऱ्यापैकी उरते तेथे. हाड असेल तेथे दात, असा तो न्याय होता. माझ्यासारख्याची अडचण उलटी. मला दात तेथेच हवा जेथे ‘ध’ उच्चारायचा आहे, आणि नेमके तेथेच हाड नाही.

ते का नाही, याचे उत्तर आता मोजून मिळालेले आहे. डेन्मार्कमध्ये ४६ जणांचा एकेक दात काढल्यावर वर्षभर मापे घेतली; २००३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. दाढांच्या जागी सरासरी बारा मिलिमीटर रुंद असलेला हाडाचा वरंबा वर्षाअखेर सहाच्या आत आला होता. निम्मी रुंदी गेली, आणि त्यातली दोन-तृतीयांश पहिल्या तीनच महिन्यांत. वाचकांनी उसाच्या शेतातली सरी-वरंब्याची आखणी आठवावी. दात हे जणू वरंब्यातले पीक. वरंब्याची ओठाकडची बाजू मुळातच पातळ, समोरच्या दातांपाशी बहुधा एक मिलिमीटरहूनही कमी. आणि तिच्यातले पुष्कळसे हाड दाताला बांधून ठेवणाऱ्या तंतूंच्या खुंटीसाठीच असते. दात गेला, तंतू गेले, खुंटीचे काम संपले. शरीर बिनकामाचा पगार देत नाही. मी जेव्हा विषय संपला म्हणून निश्चिंत झालो होतो, तेव्हा त्या तीन महिन्यांत माझा वरंबा ढासळत होता.

आता ढासळलेला वरंबा पुन्हा बांधायचा कसा?

माणसाचे हाड माणसाला लावता येते हे ग्लासगोच्या विल्यम मॅकइवेनने १८८० मध्ये एका लहान मुलाच्या दंडात करून दाखवले होते. वाकड्या पायांची मुले त्याच्याकडे येत. त्यांचे पाय सरळ करताना काढलेल्या हाडांच्या पाचरी त्याने या मुलाच्या सडून गेलेल्या हाडाच्या जागी रचल्या. जबड्यावर ही विद्या वळली ती पहिल्या महायुद्धात. खंदकातून डोके वर काढणाऱ्या शिपायाचा जबडाच गोळीने उडे. इंग्लंडमध्ये सिडकपच्या इस्पितळात १९१७ पासून हॅरोल्ड गिलिस आणि त्याच्या सोबतचे दंतवैद्य कमरेचे किंवा नडगीचे हाड घेऊन जबडे सांधत. त्याच काळात फ्रान्समध्ये व्हाराझ्टाड काझानजियान हा आर्मेनियन दंतवैद्य मोडके जबडे तारांनी आवळून धरी. अमेरिकेत आल्यावर तरुणपणी तो तारांच्या कारखान्यात मजुरी करीत असे! कोणते शिक्षण कोठे उपयोगी पडेल, याचा हिशेब कोणत्याही अभ्यासक्रमात नसतो. असो.

कमरेचे हाड माझ्यासाठी फार झाले. मला हवे तीन-चार मिलिमीटर. येथे पुन्हा गोथेनबर्गचे नाव येते. क्रिस्टर डालीन, स्टुरे नीमन आणि त्यांचे सोबती यांनी १९८८ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या खालच्या जबड्याच्या दोन्ही अंगांना आरपार भोके पाडली. एका अंगाच्या भोकावर आतून-बाहेरून टेफ्लॉनचा पातळ पडदा घातला, दुसरे उघडे ठेवले. सहा आठवड्यांनी पडद्याखालची भोके हाडाने बुजली होती. उघड्या भोकांत मात्र मऊ मांस शिरून बसले होते. मर्म एवढेच की हिरडीचे मांस धावते आणि हाड चालते. मोकळी जागा दिसली की मांस आधी पोचते आणि मालकी सांगते. तणाला कुंपणाबाहेर ठेवा, जागा मोकळी धरून ठेवा, आतल्या रक्ताची गुठळी हलू देऊ नका. मग हाड आपल्या पायांनी येईल. दोनशे वर्षे ज्या खळग्याकडे कोणी पाहिले नाही, त्याला एक पडदा आणि काही महिन्यांचा निवांतपणा एवढेच हवे होते, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो.

याखेरीज एक तिसरी रीत आहे. अमेरिकेत हिल्ट टेटम याने ती रुळवली आणि पुढे १९९० नंतर इटलीतल्या वैद्यांनी तिच्यावर पुष्कळ काम केले. पातळ वरंबा माथ्यावरून लांबीच्या दिशेने चिरायचा, बांबू फोडावा तसा, आणि दोन्ही पाती हळूहळू फाकवून मधल्या फटीत भर घालायची. पण दोन पात्यांच्या मध्ये थोडा मऊ गाभा असला तरच बांबू फुटतो; नाहीतर तुटतो. माझ्या तीन मिलिमीटरमध्ये तो गाभा नाही, म्हणून बाईंनी ही रीत पहिल्याच भेटीत बाजूला ठेवली.

राहिली ती भर. पडद्याखालची जागा खचू नये म्हणून आत काही कण भरावे लागतात. “जगभर सर्वांत जास्त वापरतात ते गाईबैलांच्या हाडाचे,” बाई म्हणाल्या. “त्यातले मांसाचे, चरबीचे, सगळे सजीव अंश उष्णतेने आणि रसायनांनी काढून टाकतात; उरतो तो नुसता खनिजाचा सांगाडा. त्यावर तुमचे स्वतःचे हाड चढते. तो लवकर विरघळत नाही, म्हणून रुंदी टिकते. पडदा पुष्कळदा डुकराच्या कातडीतल्या द्रव्याचा असतो. आम्ही आधी विचारतो, सर. काहींना चालत नाही.”

माझी आई माळकरी. तिला हे सांगू नये असे मी ठरवले आणि संध्याकाळी सांगून टाकले. ती तांदूळ निवडीत होती. हात थांबवून म्हणाली, “गाईचं हाड तोंडात ठेवून तू पोरांना काय रे शिकवणार?”

मी तिला १६६८ साली छापलेली एक गोष्ट सांगितली. अॅमस्टरडॅमचा शस्त्रवैद्य योप फान मेकेरेन याने ती लिहून ठेवली. रशियातल्या एका उमरावाच्या कवटीला तलवारीने भोक पडले. शस्त्रवैद्याने तेथे मेलेल्या कुत्र्याच्या कवटीचा तुकडा बसवला आणि जखम बरी झाली. पण धर्मपीठाने त्याला बहिष्कृत केले; ख्रिस्ती डोक्यात कुत्र्याचे हाड कसे? बिचारा परत वैद्याकडे गेला, म्हणाला, ‘काढा हे.’ पाहतात तो तुकडा कवटीशी एकजीव झालेला. काढता येईना.

आई ऐकत होती. म्हणाली, “बरं झालं. देवानं काही डोकं उघडून पाहिलं नसेल.” आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. मला ती परवानगी वाटली. पण रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या लक्षात आले, तिने उमरावाला माफ केले होते, माझ्याविषयी ती काहीच बोलली नव्हती.

दुसऱ्या भेटीत मी बाईंना विचारले, माझेच हाड घेता येईल का? येईल, त्या म्हणाल्या. खालच्या जबड्याच्या मागच्या कोपऱ्यातून, अक्कलदाढेच्या पलीकडून. मात्र त्याला दुसरी जखम लागेल, सूज दुप्पट येईल, आणि आपले हाड काही अंशी झिजते हेही ध्यानात ठेवा. त्यात कारखान्यात केलेले कॅल्शियमचे कण मिसळता येतील, पडदा टेफ्लॉनचा घालता येईल. मी हो म्हटले. हे श्रद्धेने केले की आईच्या भीतीने, की त्या नऊ दातांच्या नोंदीनंतर आपल्या तोंडात दुसऱ्याचे काही नको असे वाटल्याने, ते मला नीट सांगता येत नाही. खर्चाचा आकडा ऐकून मी घाबरलो हे मात्र नीट सांगता येते. डॉक्टरांचे उखळ पांढरे होते ते हेच काय, असे मनात येऊन गेले. मग बाईंनी चार हप्ते करून दिले, आणि मी आपले डोके उखळात घातले. आता मुसळाला भिऊन काय उपयोग?

निघताना मी आईचा खालचा जबडा कसा रुंद करता येईल तेही विचारले. तिचे सगळे दात जाऊन तीस वर्षे झाली. कवळी वापरणाऱ्यांची पंचवीस वर्षे मापे घेऊन आन्त्ये टाल्ग्रेन या बाईंनी १९७२ मध्ये लिहिले आहे की खालचा जबडा वरच्याच्या चौपट झिजतो. आईची खालची कवळी गेली कित्येक वर्षे डब्यात आहे. ठेवायला वरंबाच नाही. भाकरी ती दुधात कुस्करते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिला रुंदीचा प्रश्न नाहीच. हनुवटीपाशी दोन लहान स्क्रू बसवून कवळी अडकवता येईल, आजींना एकदा घेऊन या. मी घरी येऊन सांगितले. आई म्हणाली, “आधी तुझं होऊ दे.”

माझे दिवाळीच्या सुट्टीत व्हायचे आहे, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. हाड धरायला पाच-सहा महिने, मग स्क्रू, मग आणखी तीन-चार महिने, मग दात. पुढच्या वर्षीच्या सहावीला दंत्य वर्ण या दातानेच शिकवावे लागतील. शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस समोरच्या दातांनी काही तोडायचे नाही, असे बाईंनी कागदावर लिहून दिले आहे. तो कागद आईने माझ्याकडून वाचून घेतला, आणि यंदा चकलीची भाजणी आठ दिवस आधीच दळून आणायला मला गिरणीवर पाठवले.